विरघळणारं, म्हणूनच कामाचं

सांध्यातलं वंगण, त्वचा, डोळ्यातला काचद्रव, बाळाची नाळ अशा कितीतरी ठिकाणी हायलुरोनिक ॲसिड असतं. 70 किलो वजनाच्या माणसाच्या अंगात ते साधारण 15 ग्रॅम भरतं आणि त्यातलं जवळपास एक तृतीयांश शरीर रोज मोडतं, नव्याने बनवतं. उपचारात या पदार्थाचा फायदाही या मोडण्यातच आहे आणि अडचणही.

1934 मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईगुरांच्या डोळ्यातून तो वेगळा काढला. दोन शर्करांची एक जोडी, तीच हजारो वेळा एकापुढे एक जोडलेली, एवढीच त्याची रचना. साखळीवर जागोजागी ऋण भार असल्याने ती पाणी धरून ठेवते. कोंबड्याच्या तुऱ्यातून काढा, जिवाणूंकडून बनवून घ्या, रेणू तोच. त्यामुळे नीट शुद्ध केला असेल तर शरीर त्याला सहसा परका मानत नाही.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत 1980 च्या सुमारास तो आला, त्यामागे एन्द्रे बालाझ यांचं संशोधन होतं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि त्या मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. हा दाट द्राव भरला की डोळ्यातली पोकळी फुगलेली राहते, अवजारांचा धक्का त्या थराला बसत नाही. सुईतून दाबताना तो पातळ होऊन वाहतो आणि आत गेला की पुन्हा घट्ट होतो. काम झाल्यावर मात्र तो काढून घ्यावाच लागतो, नाहीतर डोळ्यातला दाब वाढतो.

सुरकुत्या भरायला त्वचेत टोचतात त्या फिलरमध्येही हाच पदार्थ असतो, पण त्वचेत नुसता द्राव एक-दोन दिवसांतच नाहीसा होतो. म्हणून साखळ्या एकमेकींना आडव्या बंधांनी जोडतात, बहुतेक फिलरमध्ये बीडीडीई नावाच्या रसायनाने. असं जाळं पाण्यात फुगतं पण विरघळत नाही. हेच हायड्रोजेल. ते महिनोन्‌महिने टिकतं. तरीही हायलुरोनिडेज या विकराने (एन्झाइमने) ते मोडता येतं, आणि मला हा त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. फिलर चुकून रक्तवाहिनीत शिरून प्रवाह अडला, तर डॉक्टर तातडीने हेच विकर टोचतात. सिलिकॉनला असा उतारा नाही.

सांधेदुखीसाठी गुडघ्यात देतात त्या याच्या इंजेक्शनांबद्दल मात्र हात राखूनच बोलायला हवं. चाचण्यांत सरासरी फायदा लहानच दिसला आहे.

जेलमध्ये पेशी ठेवून कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, नव्याने वाढवण्याच्या प्रयत्नांत खरी कसरत आहे. बंध जास्त घातले तर जेल टिकतं, पण आत ठेवलेल्या पेशींना हलायला, पसरायला जागा उरत नाही. कमी घातले तर पेशींनी स्वतःचं ऊतक विणण्याआधीच आधार निघून जातो. म्हणून काही संशोधक पेशींच्याच विकरांनी तुटतील असे बंध वापरतात: पेशी वाट कापत पुढे सरकतात, तेवढंच जेल मोडतं. मोडल्यावर काय उरतं, हेही पाहावं लागतं. लांब साखळ्या दाह शमवतात, तर त्यांचे छोटे तुकडे तो भडकवू शकतात. दक्षिण कोरियाने 2012 मध्ये नाळेच्या रक्तातल्या मूळपेशी हायलुरोनिक ॲसिडच्या जेलमध्ये मिसळून गुडघ्याच्या कूर्चेवर वापरायला मंजुरी दिली.