चित्र आधी, बातमी नंतर

१९ एप्रिल १९९५. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बॉम्बस्फोटाने सरकारी इमारत कोसळली. १६८ माणसे गेली, त्यांत १९ लहान मुले. ढिगारा उपसणे चालू असतानाच वाहिन्यांवर ‘मध्यपूर्वेतला हात’ असल्याची चर्चा रंगली. जॉर्डनमध्ये जन्मलेल्या एका अमेरिकी नागरिकाला प्रवासात लंडनहून परत पाठवून त्याची चौकशी झाली. त्याचा काडीचाही संबंध नव्हता. दोन दिवसांनी संशयित म्हणून समोर आला टिमथी मॅक्व्हे, अमेरिकेचाच माजी सैनिक.

पुरावा हाती नसताना संशय नेमका तिकडेच का वळला? कारण मुसलमानांचे एक ठरीव चित्र पाश्चात्त्यांच्या मनात फार आधीपासून तयार होते. मध्ययुगीन फ्रेंच वीरकाव्यात मुसलमान चक्क मूर्तींची पूजा करताना दाखवले आहेत. मूर्तिपूजा ज्या धर्मात निषिद्ध, त्याच्याबद्दल हे! कुराणाचे लॅटिन भाषांतर ११४३ मध्ये झाले, पण तेही खंडनासाठी. पुढे वसाहतींच्या काळात चित्रकारांनी वाळवंट, जनानखाना आणि तलवार रंगवली, आणि सिनेमाने तीच दृश्ये उचलली.

१९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, त्या तेलकोंडीनंतर व्यंगचित्रांत पैशाने माजलेला शेख आला. खरा घाव १९७९ चा. इराणच्या राजधानीत, तेहरानमध्ये, अमेरिकी दूतावासातले ५२ अमेरिकी ४४४ दिवस ओलीस होते. अमेरिकेतल्या एका वाहिनीवर रोज रात्री पडद्यावर आकडा झळकायचा: ओलीस अमेरिका, दिवस अमुक. वर्षभराहून अधिक काळ घराघरांत इस्लामची ओळख झाली ती अशी, संतापलेल्या जमावाच्या दृश्यांतून. पॅलेस्टिनी-अमेरिकी अभ्यासक एडवर्ड सईद यांनी १९८१ मध्ये या वार्तांकनावर आख्खे पुस्तक लिहिले.

मला सर्वांत जास्त खटकते ते शब्दांचे झालेले हाल. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर धर्मशास्त्राच्या जाणकाराने दिलेले मत. उपवासापासून वारसाहक्कापर्यंत कशावरही. १९८९ मध्ये इराणचे सर्वोच्च नेते खोमेनींनी लेखक सलमान रश्दींना ठार मारावे असा फतवा काढला आणि जगभर त्याचा अर्थ ‘मृत्युदंड’ असा होऊन बसला. मराठीत तर कुठल्याही मनमानी हुकमाला आपण सर्रास फतवा म्हणतो. ‘जिहाद’चा मूळ अर्थ झटणे; त्यात युद्धही येते, पण बातमीत फक्त युद्धच उरले.

‘मुसलमान म्हणजे अरब’ हे समीकरणही असेच. सर्वाधिक मुसलमान असलेल्या देशांत इंडोनेशिया, पाकिस्तान, भारत पुढे आहेत, आणि यांपैकी एकही अरब नाही.

२२ जुलै २०११ ला नॉर्वेत ७७ जण मारले गेले, तेव्हाही पहिल्या काही तासांत अनेकांनी बोट दाखवले ते मुसलमानांकडेच. मारेकरी नॉर्वेचाच होता, आणि त्याच्या जाहीरनाम्यात पानोपानी मुसलमानांचा द्वेष होता.