डबा की थर्माकोल? पाण्याखालच्या कॅमेऱ्याचे फ्लोट

आम्ही मराठवाड्यातली माणसं पोहायला शिकलो ती विहिरीत. कुणाच्या पाठीला डाग देऊन बंद केलेला तेलाचा रिकामा डबा, कुणाच्या थर्माकोल. समुद्रात कॅमेरा घेऊन खोल उतरणाऱ्यांपुढेही, कॅमेऱ्याचं पाण्यातलं वजन पेलायला, हीच जोडी येते: फोमचे फ्लोट आणि हवाबंद पोकळ आर्म, म्हणजे कॅमेऱ्याला दिवे जोडणाऱ्या दांड्या. दोन्हींवर ‘इतके ग्रॅम उचल’ असाच आकडा, म्हणून गल्लत होते.

फोमच्या बाबतीत तो आकडा उथळ पाण्यातला समजा. दर 10 मीटरला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. 30 मीटरवर एकूण दाब वरच्या चौपट. फुग्यातली हवा तिथे पावपट होईल. फोम इतका दबत नाही, पण मऊ असेल तर आकसतोच. तो जितकं पाणी बाजूला सारतो तेवढंच त्याला प्लावक बल, म्हणजे आकसला की उचल घटली. वर फुलासारखा वाटलेला कॅमेरा खाली मनगट ओढायला लागतो. पुष्कळ डाइव्ह झालेला मऊ फोम पुढे वर आल्यावरही पुरता फुगत नाही. कडक फोम बराच तग धरतो, पण महाग.

अ‍ॅल्युमिनियमचा किंवा कार्बन फायबरचा पोकळ आर्म जवळजवळ दबतच नाही. 5 मीटरवर जी उचल, तीच 40 मीटरवर. मात्र हार मानतो तेव्हा एकदम. डब्यात पाणी उकळून, बूच लावून, वर गार पाणी ओतायचा शाळेतला प्रयोग आठवा. डबा चेपतो तो जास्तीत जास्त एका वातावरणाच्या फरकाने, म्हणजे 10 मीटर खोलीएवढ्या. विहिरीत तो टिकायचा, कारण आपण वरच असायचो! म्हणून आर्मवर आधी खोलीची मर्यादा वाचा, ग्रॅम नंतर. आणि प्रत्येक डाइव्हनंतर कानाशी हलवून बघा; आत खळखळलं तर सील गेलं.

मी मुख्य भार पोकळ आर्मवर टाकीन. फोम शेवटच्या शे-दोनशे ग्रॅमसाठी, कारण तो ब्लेडने कापता येतो.

तोल बघायला विहीर चालते, ताणकाट्याला कॅमेरा टांगून बुडवायचा. पण गोडं पाणी लिटरला 1000 ग्रॅम, समुद्राचं सुमारे 1025. सहा लिटर पाणी सारणारा संच समुद्रात 150 ग्रॅमने हलका होतो. विहिरीत काटा शून्यावर आणलात, तर तारकर्लीत कॅमेरा वर पळेल. दीडशेवर ठेवा.