काट्याची वायर टॅबलेटला जोडण्याआधी एवढं वाचा

(आमच्याकडून खिशात मावणारा लिनक्स टॅबलेट घेतलेल्या ग्राहकांसाठी)

डेअरीवरचा वजनकाटा, फॅट मशीन, भुईकाट्याचा (गाड्या तोलणाऱ्या काट्याचा) इंडिकेटर म्हणजे वजन दाखवणारा डबा, पावतीचा प्रिंटर अशा यंत्रांच्या मागे नऊ पिनांचं सीरियल पोर्ट असतं आणि ते टॅबलेटला जोडता येतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ओटीजी केबल (टॅबलेटला यूएसबी वस्तू जोडणारी), तिला यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर आणि कन्व्हर्टरला काट्याची वायर, एवढाच खटाटोप. तरीही दुकानात बंद पडून येणारे बरेचसे टॅबलेट एकाच कारणाने येतात, चुकीच्या जातीची जोडणी, म्हणून हा कागद.

सीरियल दोन जातींचं असतं. काट्यामागचं पोर्ट बहुधा आरएस-२३२. त्यातली पाठवणारी वायर निवांत असते तेव्हा तिच्यावर साधारण उणे ५ ते उणे १२ व्होल्ट असतात. दुसरी जात टीटीएल. तिथे शून्य आणि ३.३ किंवा ५ व्होल्ट, उणे काही नाहीच. ऑनलाइन मिळणारा उघड्या पिनांचा स्वस्त छोटा बोर्ड या दुसऱ्या जातीचा. तो वाईट नाही, पण काट्यासाठी बनवलेला नाही. कुणीतरी त्याला नऊ पिनांचा कनेक्टर सोल्डर करून देतं, तो काट्यात घट्ट बसतो आणि आपण समजतो की जमलं.

खरा घोळ पुढे आहे. अशा जोडणीत स्क्रीन कोरी राहत नाही. आरएस-२३२ मध्ये उणे व्होल्टेज म्हणजे १, टीटीएलमध्ये वरचं व्होल्टेज म्हणजे १. सगळं उलटं वाचलं जातं आणि वजनाच्या जागी भलतीसलती अक्षरं येतात. ती बघून माणसाला वाटतं, बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) चुकला. मग २४००, ४८००, ९६००, १९२०० सगळे लावून होतात, गवळी रांगेत उभे, संध्याकाळचं संकलन वहीत. आणि तेवढा सगळा वेळ ३.३ व्होल्टच्या पिनेवर उणे व्होल्टेज आदळत असतं. बोर्ड गेला तर थोडक्यात निभावलं. पण ज्यांनी टॅबलेट उघडून आतल्या सीरियल पॅडवर थेट वायर सोल्डर केली, त्यांचा प्रोसेसरच जातो. हे काम गॅरंटीत बसत नाही. त्यावरून काउंटरवर वाद नको, ही विनंती.

यावर उपाय आहे साधा मल्टिमीटर. काटा चालू ठेवा, वायर काढा, मीटर डीसी २० व्होल्टवर लावा. काळं टोक काट्याच्या पोर्टमधल्या ५ नंबरला, लाल आधी २ ला, मग ३ ला. नंबर भोकांशेजारी बारीक कोरलेले असतात. पोर्ट मादी असेल तर ते उलट्या क्रमाने येतात, म्हणून अंदाजाने मोजू नका. एका पिनेवर ठळक उणे आकडा दिसला तर पोर्ट आरएस-२३२ आणि तीच पाठवणारी पिन. सतत वजन पाठवणाऱ्या काट्यावर आकडा थोडा हलेल, चिंता नको. उणे आकडा २ नंबरवर असेल तर सरळ केबल लागते, ३ नंबरवर असेल तर क्रॉस, म्हणजे २ आणि ३ च्या वायरी अदलाबदल केलेली. सरळ की क्रॉस, हा फोनवर रोज येणारा प्रश्नही त्यात सुटला. उणे कुठेच नाही आणि ३.३ किंवा ५ दिसतंय, तर थांबा आणि आम्हाला विचारा. पोर्ट सापडत नाही म्हणून इंडिकेटर मात्र उघडू नका. वैधमापनवाल्यांचं सील तुटलं की पुन्हा पडताळणी आलीच.

वायर बरोबर असूनही अक्षरं विचित्र येत असतील, तेव्हाच बॉड रेटकडे वळा. बहुतेक यंत्रं ९६००, ८ बिट, पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट या सेटिंगवर चालतात. जुन्या काट्यांत २४०० किंवा ७ बिट आणि इव्हन पॅरिटीही भेटते. काट्याच्या मेनूत बघा.

‘परवानगी नाही’ असा संदेश आला तर तुमचं युजरनेम डायलआउट ग्रुपमध्ये, म्हणजे सीरियल पोर्ट वापरायची मुभा असलेल्यांच्या यादीत, नाही. आम्ही ते घालूनच टॅबलेट देतो, पण पुतण्याने नवीन सिस्टिम टाकली की ते जातं.

काटा आणि फॅट मशीन दोन्ही जोडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लिनक्स कन्व्हर्टरना टीटीवाय-यूएसबी ०, १ अशी नावं सापडतील त्या क्रमाने देतं. टॅबलेट बंद-चालू केला की नावं अदलाबदल होऊ शकतात आणि वजनाच्या रकान्यात फॅट येऊन बसतं. आम्ही एफटीडीआय चिपचा कन्व्हर्टर देतो तो यासाठी. प्रत्येकात स्वतःचा सीरियल नंबर असतो, त्यावरून नाव कायमचं बांधता येतं. सीएच३४० चिपवाला स्वस्तात येतो आणि लिनक्समध्ये चालतोही, पण त्यात असा नंबर सहसा नसतो. एकच यंत्र जोडायचं असेल तर तो खुशाल घ्या.

प्रिंटरला त्याचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर लावा, टॅबलेटच्या बॅटरीवर त्याचा भार टाकू नका. भुईकाट्याची केबिन लांब असेल तर आरएस-२३२ चा भरवसा १५ मीटरपर्यंतच धरा. त्यापुढे आरएस-४८५ (लांब अंतरासाठीची सीरियल जात) चे कन्व्हर्टर लागतात, ते आमच्याकडे मिळतात.

केबल विकण्याआधी आम्ही पोर्टचा आणि मागच्या लेबलचा फोटो मागतो, त्याचा काहींना राग येतो. ‘बाजारात तर नुसती मागितली की देतात,’ असं ऐकवतात. बरोबर आहे, देतात.

जतहून किंवा आटपाडीहून नुसता टॅबलेट घेऊन सांगलीला येऊ नका. काटा आणि त्याची वायर सोबत आणा. केबल दुसरीकडून घेतली असली तरी तपासून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. भुईकाटा असेल तर आम्हीच येऊ, गाडीखर्च वेगळा.