झाडाला सिलिंडरचा भाव?

‘एक झाड वर्षाला लाखो रुपयांचा ऑक्सिजन देतं’ हा मेसेज दर पावसाळ्यात फिरतो.

हेतू चांगलाच आहे, गडबड भावात आहे. तो हिशेब सिलिंडरच्या दराने केलेला असतो. सिलिंडरचे पैसे जातात ते वायू शुद्ध करून, दाबाने भरून दारात आणण्याचे. मोकळ्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के आहेच. एक झाड गेल्याने तो कमी पडत नाही.

मग झाडाला किंमत नाही? आहे की. फक्त प्रश्न असा विचारायचा: ते गेलं तर कुणाच्या खिशाला किती चाट बसेल? आपल्या गोव्यातला खाजनाचा, म्हणजे नदी-खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध घ्या. नदीच्या अंगाला खारफुटीची झाडं असली की लाटेचा जोर तिथेच मोडतो. ती तोडली की बांधाची माती खचते, मग दुरुस्तीला चिखल, दगड, मजुरी. बांध फुटलाच तर खारं पाणी थेट भातात, आणि मीठ धुऊन निघेपर्यंत पीक नाही. (खारफुटीतल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, गेल्या, ते वेगळंच.)

पडताळायचं असेल तर बांधदुरुस्तीची जुनी बिलं काढा. खारफुटी असलेला आणि नसलेला टप्पा शेजारी मांडा. आकडा मेसेजपेक्षा बहुधा लहान निघेल, पण ग्रामसभेत कुणी विचारलं तर कागद दाखवता येईल.