एकच खडा आणि त्याचं कोंदण

लातूरच्या सराफ्यात परवा भाचीसाठी एका खड्याचं पदक बघत होतो. दुकानदारानं मखमलीच्या ट्रेमध्ये सात-आठ पेंडंट मांडले. "सॉलिटेअर आहेत, आता हेच चालतंय," म्हणाला. शेजारी बसलेल्या माझ्या आईनं एक उचललं आणि आधी उलटं करून पाहिलं. "मागून उघडंच की हे! आणि सोनं कुठंय यात?"

आईचे हे दोन्ही प्रश्न अगदी मुळावरचे आहेत. घरात नवं पदक आणायचं असेल, तर त्यांची उत्तरं माहीत असलेली बरी.

गळ्यात मधोमध एकच खडा घालणं आपल्याला परकं नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बोधिसत्त्व आठवा. हे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, वाकाटक काळातलं काम आहे. त्याच्या गळ्यात मोत्यांचा सर आहे आणि मध्ये निळा खडा. जुन्या संस्कृतात अशा एकसरीला एकावली म्हणत. आकाशातून पाहिल्यावर नदी म्हणजे मोत्यांचा सर आणि तिच्यावर झुकलेला मेघ म्हणजे मधला टपोरा इंद्रनील, अशी उपमा कालिदासानं मेघदूतात दिली आहे. पुढे पेशवाईच्या काळात मिरवलेला तन्मणी त्याच कुळातला: मोत्यांचे सर आणि मध्ये जडावाचं खोड, म्हणजे खडे बसवलेलं पदक.

मात्र मराठवाड्याच्या मातीतला खडा हिरा नव्हे, नीलमही नव्हे. आपला खडा अकीक. काळ्या कातळाच्या पोकळ्यांत गारगोटीच्या जातीचे हे दगड तयार होतात. पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणात पैठणहून गाड्या भरभरून असे दगड भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. हा रस्ता वीस दिवसांचा होता. त्या टिपणात तगर, म्हणजे आपलं तेरही आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळातले मणी काचेआड ठेवले आहेत. जवळून पाहिलं की मण्याच्या आरपार गेलेलं भोक दिसतं, दोऱ्यापुरतं बारीक. तपकिरी अकीक मंद आचेवर भाजला की त्यातल्या लोहामुळे तांबूस होतो, ही युक्तीही फार जुनी आहे. हे दगड ओवायचे असत. त्यांना धातूचा आधार लागत नसे.

हिऱ्याला भोक पाडून ओवणं परवडत नाही. त्याला कोंदण लागतं. हिरे यायचे कृष्णेकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींतून, गोवळकोंड्याच्या बाजारातून. ब्राझीलमध्ये 1720 च्या दशकात हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा पुरवणारा देश प्रामुख्यानं भारतच होता. गंमत अशी की ज्या निजामांच्या राज्यात मराठवाडा 1948 पर्यंत होता, त्यांचा सुप्रसिद्ध 184.75 कॅरेट वजनाचा जेकब हिरा मात्र दक्षिण आफ्रिकेतून आलेला. भारत सरकारनं 1995 मध्ये निजामाचे दागिने 218 कोटी रुपयांना घेतले, त्यात तो आला.

आता आईचा पहिला प्रश्न. जुना हिरा चपटा, जेमतेम पैलू पाडलेला असे. त्यातून प्रकाश मागे निघून जाई, म्हणून पाठीमागे चकाकता पत्रा घालून तो बंद करत आणि कडेनं चोवीस कॅरेटचं मऊ सोनं दाबून बसवत (खड्याचं कॅरेट म्हणजे वजन, सोन्याचं म्हणजे शुद्धता). तेच कुंदनकाम. नवा हिरा असा कापतात की वरून शिरलेला प्रकाश आतल्या आत फिरून वरच परततो. 1919 मध्ये मार्सेल टोल्कोव्स्की यानं त्याच्या कोनांचं गणित मांडलं. अशा हिऱ्याला मागच्या पत्र्याची गरजच नसते. त्याआधीच, 1886 मध्ये, न्यूयॉर्कच्या टिफनीनं सहा बारीक दांड्यांवर हिरा उचलून धरणारी अंगठी आणली होती. आजचं उघड्या पाठीचं पदक त्याच धाटणीचं.

आणि सोनं कुठंय? याचं उत्तर आपल्या पावसात आहे. मराठवाड्यात सोनं म्हणजे पेरणीच्या वेळी गहाण ठेवायची, दिवाळीत कापूस विकला की सोडवायची वस्तू. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्या बाईला खड्याचं कौतुक सांगू नये, कारण मोड घालताना खड्याचं वजन वजा होतं आणि जुन्या जडावात भरलेल्या लाखेचंही. म्हणून आमच्याकडे बोरमाळ, एकदाणी, डोरलं असे बिनखड्याचे सोन्याचे दागिने रुजले. कमी कॅरेटवरचा रागही उगाच नाही. 1963 मध्ये सरकारनं चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी केली, तेव्हा कित्येक सोनारांची भट्टी थंडावली. "चौदा कॅरेट" ही त्या पिढीला शिवीच वाटते.

पण बावीस कॅरेट मऊ असतं. दांडी कपड्यात अडकली की वाकते आणि खडा पडतो. अठरा कॅरेटमध्ये हजारात 750 भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. तेच दांडी ताठ ठेवतं. एका खड्याला माझ्या मते हेच योग्य. प्लॅटिनम आणखी टिकाऊ, पण ते 1768 अंशांना वितळतं आणि सोनं 1064 ला. तालुक्याच्या सोनाराकडे त्याची डागडुजी होणं अवघड.

खड्याचं म्हणाल तर पदकाला अंगठीइतके धक्के बसत नाहीत. म्हणून अंगठीत धास्ती वाटणारा चिरांचा पाचूही इथं चालतो. मोती सुंदर, पण घाम आणि अत्तर त्याला सोसत नाही आणि आपला मे महिना तर ठाऊकच आहे. माणिक आणि नीलम कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल. प्रयोगशाळेतला हिरा खराच हिरा असतो, पण मोडीची आशा ठेवून घेऊ नये. अजिंठ्याच्या खाणींतले झिओलाइट या खनिजाचे स्फटिक मोहात पाडतात, पण ते मऊ असतात. ते कपाटातच शोभतात.

भाचीला नीलम हवा होता. आई म्हणाली, "आधी उशाशी ठेवून बघ, लाभतो की नडतो." पोरीनं वाद घातला नाही. माणिक घेतलं, अठरा कॅरेटमध्ये, मागून उघडं. बिलावर एकूण वजन, खड्याचं वजन आणि निव्वळ सोनं अशा तीन ओळी वेगळ्या लिहून घेतल्या. पाच कॅरेट खडा म्हणजे एक ग्रॅम, हे आईनं तिथंच हिशोब करून पाहिलं. मग भिंग मागवून पदकाच्या मागचा सहा अक्षरी हॉलमार्क क्रमांक बिलाशी जुळतो का, तेही पडताळलं.