आल्फा-सिन्युक्लीन

चेतापेशींच्या सिनॅप्समध्ये (एका पेशीकडून दुसरीकडे संदेश जाण्याच्या जोडणीत), मुख्यतः संदेश पाठवणाऱ्या टोकाशी, विपुल प्रमाणात आढळणारे १४० अमिनो आम्लांचे एक लहान प्रथिन. कंपवाताच्या (पार्किन्सन रोगाच्या) बहुतेक रुग्णांच्या मेंदूत दिसणाऱ्या ल्युई पिंडांचा, म्हणजे चेतापेशींत साचलेल्या प्रथिनांच्या गोळ्यांचा, हा प्रमुख घटक असल्याचे १९९७ मध्ये स्पष्ट झाले. त्याच वर्षी कंपवात पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या एका इटालियन आणि काही ग्रीक कुटुंबांत या प्रथिनाच्या जनुकातील उत्परिवर्तन सापडले. तेव्हापासून संशोधकांचे लक्ष पिंडांवर खिळले; परंतु हे प्रथिन निरोगी मेंदूत जिथे काम करते तो सिनॅप्स समजून घेतल्याशिवाय त्याचा बिघाडही समजत नाही.

पेशीद्रवात मोकळे असताना आल्फा-सिन्युक्लीनला ठरावीक आकार नसतो. सिनॅप्समधील चेतापारेषकाने (संदेश वाहून नेणाऱ्या रसायनाने) भरलेल्या पुटिकांचा, म्हणजे सूक्ष्म पिशव्यांचा, व्यास जेमतेम ४० नॅनोमीटर असल्याने त्यांचे पटल तीव्र वक्र असते आणि त्यात ऋणभारित मेदरेणूही असतात. अशा पटलाला चिकटताच प्रथिनाचा पुढचा भाग सर्पिल आकार घेतो, तर आम्लधर्मी शेपूट मोकळे राहून पुटिकेवरील सिनॅप्टोब्रेव्हिन या प्रथिनाला धरते. पुटिका पेशीपटलाशी एकजीव होऊन चेतापारेषक बाहेर पडण्यासाठी स्नेअर प्रथिनांची (दोन पटले जोडणाऱ्या प्रथिनांची; सिनॅप्टोब्रेव्हिन त्यांपैकीच एक) जुळणी व्हावी लागते, आणि या जुळणीला आल्फा-सिन्युक्लीन हातभार लावते, असे २०१० मध्ये दाखवण्यात आले. तिन्ही प्रकारची सिन्युक्लीन प्रथिने काढून टाकलेले उंदीर जन्मतः ठीक असतात, मात्र वय वाढेल तशी ही जुळणी मंदावते आणि चेतासंस्थेचे विकार दिसू लागतात. त्याहून बोलका प्रयोग २००५ मधील आहे : सीएसपी-आल्फा या सहायक प्रथिनाअभावी उंदरांच्या सिनॅप्सचा वेगाने ऱ्हास होऊन ते अकाली मरतात, पण त्यांच्यात आल्फा-सिन्युक्लीनचे प्रमाण वाढवले की हा ऱ्हास टळतो. रोगाचे कारण म्हणून ओळखले गेलेले प्रथिन इथे संरक्षकाचे काम करते, हे विसरता कामा नये.

तरीही त्याचे प्रमाण दीर्घकाळ वाढलेले राहणे घातक ठरते. एका अमेरिकन कुटुंबात या जनुकाच्या, कोणतेही उत्परिवर्तन नसलेल्या, जादा प्रती असल्याने कंपवात झाल्याचे २००३ मध्ये आढळले. प्रथिन अतिरिक्त झाले की पुनर्वापरासाठी उपलब्ध पुटिका घटतात आणि चेतापारेषकाचे स्रवण मंदावते. शिवाय ६१ ते ९५ या क्रमांकांच्या अमिनो आम्लांचा जलविरोधी पट्टा एकमेकांना चिकटून आधी लहान पुंज आणि पुढे तंतू बनतात. ए३०पी या, आल्फा-सिन्युक्लीनच्या जनुकातील एका उत्परिवर्तनात प्रथिनाची पटलावरील पकडच सैल होते.

कंपवाताशी जोडलेली इतर काही प्रथिनेही सिनॅप्सच्या याच कामाशी येऊन मिळतात. एलआरआरके२ हे विकर पुटिकांची ने-आण करणाऱ्या रॅब प्रथिनांना फॉस्फेट जोडते. सिनॅप्टोजॅनिन-१ आणि ऑक्झिलिन ही प्रथिने पेशीत परतलेल्या पुटिकेवरील क्लॅथ्रिन या प्रथिनाचे आवरण उतरवण्यास मदत करतात. त्यांच्या जनुकांतील दोषांमुळे कमी वयातच कंपवातासारखा आजार होतो.

सबस्टॅन्शिया नायग्रा या मेंदूतील भागात डोपामिन हा चेतापारेषक स्रवणाऱ्या पेशींचे अक्षतंतू अतिशय लांब व असंख्य शाखांचे असल्याने एकेका पेशीला प्रचंड संख्येने सिनॅप्स सांभाळावे लागतात. बहुधा म्हणूनच ऱ्हास टोकांपासून सुरू होतो. मरणोत्तर तपासणीत असे दिसून आले आहे की, निदानानंतर चार-पाच वर्षांतच पुटामेनच्या (हे अक्षतंतू जिथे पोहोचतात त्या मेंदूतील भागाच्या) वरच्या भागातील डोपामिनचे तंतू जवळपास नाहीसे झालेले असतात, त्या वेळी त्यांच्या मूळ पेशींपैकी काही मात्र जिवंत असतात.