लसूणघास आणि मिनरल वॉटर

ईशान्य फ्रान्समधल्या व्होज जिल्ह्यात व्हित्तेल नावाचं छोटं गाव आहे. १९९०च्या दशकात तिथल्या शेतकऱ्यांना एक अजब सोय मिळाली. गोठ्यातलं शेण कुजवून त्याचं कंपोस्ट करायचं आणि ते शेतात पसरायचं, हे काम दुसरंच कोणीतरी येऊन करून देऊ लागलं, आणि तेही फुकट. ही सरकारी योजना नव्हती की सहकारी संस्थेचा उपक्रम नव्हता. मजुरी भरत होती बाटलीबंद पाणी विकणारी कंपनी.

पाण्याच्या कंपनीला शेणाशी काय देणंघेणं? याचं उत्तर 'मिनरल वॉटर' या शब्दात आहे, आणि तो शब्द आपण फार सैलपणे वापरतो. आपल्याकडे हॉटेलात मिनरल वॉटर मागितलं की जी बाटली येते तिच्यावर बहुतेक वेळा 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' असं छापलेलं असतं. बोअरचं नाहीतर नळाचं पाणी आरओतून काढायचं, लागली तर थोडी खनिजं परत घालायची, निर्जंतुक करायचं आणि बाटलीत भरायचं, असा तो मामला. युरोपात 'नैसर्गिक मिनरल वॉटर' ही कायद्यानं बांधलेली संज्ञा आहे. १९८० पासूनच्या नियमांप्रमाणे हे पाणी जमिनीतून निघतं तसंच बाटलीत गेलं पाहिजे. लोह किंवा गंधकासारखे अस्थिर घटक गाळून काढायची मुभा आहे, निर्जंतुकीकरणाची नाही. त्याची शुद्धता जमिनीतच असायला हवी, कारखान्यात आणता येत नाही. (जाता जाता: पार्लेनं बिसलेरी विकत घेतली ती १९६९ साली. त्याच वर्षी नेस्लेनं व्हित्तेलच्या कंपनीत भागीदारी घेतली.)

व्हित्तेलचा धंदा याच शुद्धतेवर उभा आहे. १८५४ मध्ये लुई बुलुमिए या वकिलानं इथला झरा विकत घेतला. औषधी पाण्यासाठी लोक येऊ लागले, स्नानगृहं झाली, हॉटेलं झाली, पुढे बाटल्या आल्या. 'ग्रांद सूर्स' म्हणजे 'मोठा झरा', त्याचं पाणी चुनखडकाच्या आणि जिप्समच्या थरांतून झिरपत येतं. त्यात कॅल्शियम आणि सल्फेट भरपूर असतं ते त्यामुळेच.

१९८०च्या दशकात या पाण्यात नायट्रेट हळूहळू वाढायला लागलं. आकडा धोक्याचा नव्हता. युरोपात पिण्याच्या पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, भारतात ४५ पर्यंत. ग्रांद सूर्समध्ये ते जेमतेम पाचाच्या घरात होतं. कंपनीची झोप उडवली ती आलेखाच्या चढानं. लहान बाळांसाठी योग्य म्हणून पाणी विकायचं तर फ्रान्समध्ये १० ही मर्यादा आहे. बाळाच्या शरीरात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं लोह बदलून टाकतं आणि मग हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेता येत नाही. बाळ निळसर पडतं. आता, नायट्रेट काढणं ही काही मोठी गोष्ट नाही, आरओ ते करतो. पण काढलं की ते पाणी 'नैसर्गिक' राहत नाही. लेबल गेलं म्हणजे धंदा गेला.

नायट्रेट येत कुठून होतं? मक्यातून, असं ढोबळपणे म्हणता येईल. पूर्वी इथे कुरणं होती, गाई गवत खायच्या. दुधाचं उत्पादन वाढवायच्या ओघात शेतकरी मक्याच्या मुरघासाकडे, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेल्या हिरव्या वैरणीकडे, वळले. मुरघासावर गाय जास्त दूध देते, हे आपल्याकडच्या दूधवाल्यांनाही सांगावं लागत नाही. पण तिकडचा मका वसंतात पेरतात आणि शरद ऋतूत कापतात. त्यानंतर रान उघडं पडतं. माती अजून उबदार असते, ओल असते, आणि मातीतले जिवाणू शेणखतातल्या व काडीकचऱ्यातल्या नत्राचं नायट्रेट करत राहतात. ते उचलायला मुळं मात्र नसतात. हिवाळ्यात पाऊस पडतो, ऊन नसल्यामुळे त्याची वाफ फारशी होत नाही, आणि पाणी सरळ खाली उतरतं.

इथे रसायनशास्त्राची एक बारकी गोष्ट आहे. नायट्रेटवर ऋण विद्युतभार असतो आणि चिकणमातीच्या कणांवरही ऋणच. अमोनियम, कॅल्शियम, पोटॅश यांना माती धरून ठेवते, नायट्रेटला धरत नाही. पाणी जाईल तिकडे ते जातं. खाली भेगाळलेला चुनखडक असेल तर मग विचारायलाच नको.

कंपनीपुढे वाटा कमीच होत्या. सगळी जमीन विकत घेणं परवडणारं नव्हतं. कोर्टात जाऊन काही हाती लागलं नसतं, कारण शेतकरी कोणताही कायदा मोडत नव्हते. शेवटी कंपनी फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेकडे, इन्राकडे गेली. १९८९ मध्ये संशोधन सुरू झालं. शास्त्रज्ञांनी पिकांच्या मुळांखाली चिनीमातीच्या सच्छिद्र कुप्या पुरल्या, त्यांत झिरपणारं पाणी ओढून घेतलं आणि कोणत्या पिकाखालून किती नायट्रेट निसटतं ते मोजलं. निष्कर्ष नेमका होता: झऱ्यातलं प्रमाण साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास राखायचं तर मुळांखालून निघणाऱ्या पाण्यात ते दहाच्या वर जाता कामा नये. म्हणजे मका बंद, रासायनिक खतं आणि फवारण्या बंद, हेक्टरी एका मोठ्या जनावराहून जास्त गुरं नाहीत, शेणाचं आधी कंपोस्ट, आणि मक्याच्या जागी गवत व लसूणघास.

लसूणघास म्हणजे आपल्या गोठ्यांना ओळखीचंच पीक. शेंगवर्गीय असल्यामुळे ती आपलं नत्र हवेतून मिळवते, खत मागत नाही. एकदा लावली की काही वर्षं टिकते, त्यामुळे हिवाळ्यात रान उघडं पडत नाही. मुळं खोल जातात आणि खाली निसटू पाहणारं नायट्रेट वाटेतच उचलतात. कंपोस्टचं गणितही असंच. ताज्या शेणातलं नत्र चटकन नायट्रेट होतं, कुजून ह्यूमसमध्ये, म्हणजे पूर्ण कुजलेल्या काळ्या सेंद्रिय पदार्थात, अडकलेलं सावकाश सुटतं. उगवत्या पिकाला ते पुरतं, पावसाला वाहून न्यायला फारसं उरत नाही.

पण कागदावरचं शेतीशास्त्र आणि पन्नास गाईंचा गोठा यांत अंतर असतं. शेतकऱ्याच्या बाजूनं पाहा. मक्यासाठी यंत्रं घेतलेली, जमिनीवर कर्ज, दुधावर १९८४ पासून युरोपीय कोटा लागलेला. पाणी विकून कंपनी कमावणार आणि शेती मी बदलायची? इन्राच्या गटात शेतीतज्ज्ञांबरोबर अर्थशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञही होते ते उगाच नव्हे. संशयाचं रूपांतर करारात व्हायला जवळजवळ दहा वर्षं गेली.

१९९२ मध्ये कंपनीनं 'आग्रिव्हेर' नावाची वेगळी संस्था काढली, बाटल्यांशी संबंध नसलेली, फक्त शेतकऱ्यांशी बोलायला. ही युक्ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात शहाणी वाटते. शेतकऱ्याला समोर कंपनीचा वकील दिसत नव्हता, शेती कळणारा माणूस दिसत होता. करार १८ किंवा ३० वर्षांचे. बदलाच्या काळात सुमारे पाच वर्षं हेक्टरी दरवर्षी सरासरी २०० युरो. नवा गोठा, वैरण वाळवायची सोय, यंत्रं यांसाठी एका शेताला दीड लाख युरोपर्यंत. जमिनीवरच्या कर्जाचा बोजा उतरवलेला, आणि कंपनीनं विकत घेतलेली जमीन त्याच शेतकऱ्यांना ३० वर्षांपर्यंत कसायला दिलेली. (रकमा अर्थात नंतर युरोत मांडलेल्या; तेव्हा फ्रँक होते.) कंपोस्टची मजुरी फुकट, कारण सगळ्यांत मोठी अडचण तीच होती, कामाचे तास. पहिल्या सात वर्षांत जवळजवळ अडीच कोटी युरो खर्च झाले. ५,१०० हेक्टरच्या पाणलोटात सुरुवातीला चाळीसच्या आसपास शेतं होती. काही निवृत्त झाले, काही शेतं एकत्र झाली, आणि २००४ पर्यंत उरलेली सव्वीसच्या सव्वीस करारात आली. १,७०० हेक्टरवरचा मका गेला. गावातल्या बागांत आणि गोल्फच्या मैदानावरही तणनाशक बंद झालं.

पर्यावरण-अर्थशास्त्राच्या वर्गांत व्हित्तेलचं उदाहरण वर्षानुवर्षं शिकवलं जातं ते यामुळे. ते शिकवताना एक गोष्ट नीट सांगायला हवी: हा सौदा होता, दानधर्म नव्हे. पाणलोट छोटा, शेतकरी मोजके, पाणी घेणारा एकच आणि गडगंज, शिवाय शुद्धतेला बाजारात दाम. इतक्या गोष्टी एकाच ठिकाणी जुळणं विरळा. नफ्याची बाटली नसतानाही हे जमतं, पण मग नगरपालिकेला पुढे यावं लागतं. म्युनिकनं १९९२ पासून आपल्या पाणलोटातल्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीसाठी पैसे दिले, ते शहराच्या नळाच्या पाण्यासाठी.

इथवरची गोष्ट कंपनीच्या माहितीपत्रकातही आनंदानं छापली जाईल. पुढचीही सांगायला हवी.

जानेवारी २०२४ मध्ये उघड झालं की व्हित्तेलची मालक नेस्ले आपल्या फ्रेंच मिनरल वॉटरवर, व्होजमधल्या व्हित्तेल, काँत्रेक्स आणि एपारवरसुद्धा, अतिनील किरण आणि सक्रिय कोळशाचे फिल्टर वापरत होती. म्हणजे जे करायचं नाही म्हणून शेतकऱ्यांना कोट्यवधी दिले, तेच दुसऱ्या कारणासाठी. अतिनील किरण नायट्रेटला काही करत नाहीत, ते जिवाणू मारतात. लसूणघासीनं नायट्रेटचा बंदोबस्त केला होता. बाकीचे पाहुणे करारात नव्हते. बाटलीतलं पाणी आरोग्याला घातक होतं असं यातून निघत नाही. ते जे म्हणून विकलं जात होतं ते नव्हतं, एवढं मात्र निघतं. त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीनं एपिनालच्या सरकारी वकिलांशी तडजोड केली. त्या प्रकरणात परवानगीविना चालवलेल्या विंधन विहिरींचाही समावेश होता. २० लाख युरो दंड भरायचा आणि वेर व पेती वेर या स्थानिक नद्या आणि पाणथळ जागा सुधारायला सुमारे ११ लाख युरो खर्चायचे, असं ठरलं. गुन्ह्याची कबुली न देता.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती जमिनीखालची दुसरी गोष्ट. आपल्या गावात कोणालाही विचारा, विहिरीचं पाणी आणि बोअरचं पाणी एक नाही हे तो सांगेल. विहीर एका चांगल्या पावसाळ्यात भरते, सहाशे फुटांवरचं बोअर आटलं की आटलं. खडक आपल्यापेक्षा वेगळे असले तरी व्हित्तेलखालीही असेच मजले आहेत. वरचा चुनखडकाचा: पाऊस लवकर पोचतो, म्हणून नायट्रेटही पोचतं. आणि खूप खाली, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या ट्रायासिक काळातला वालुकाश्म. त्याच्यावर चिकणमातीच्या खडकांचं झाकण आहे. पाऊस आत शिरतो तो दूर, जिथे हा वालुकाश्म उघडा पडतो तिथे, आणि तिथून गावाखाली यायला त्याला हजारो वर्षं लागतात. तिथे नायट्रेटची भीती नाही. भीती आहे ती संपण्याची.

या खालच्या थरातून व्हित्तेलचे नळ चालतात, एक मोठा चीजचा कारखाना चालतो, आणि 'बॉन सूर्स' या नावाची व्हित्तेलची बाटलीही त्यातूनच भरली जायची, मुख्यतः जर्मनीसाठी. १९७०च्या दशकापासून त्याची पातळी घसरत आली. भरण्यापेक्षा उपसा वर्षाला दहा लाख घनमीटरच्या आसपास जास्त, म्हणजे शंभर कोटी लिटर. वर कितीही हिरवं कुरण असलं तरी ही तूट त्यानं भरत नाही.

२०१८ मध्ये यावर जो उपाय पुढे आला तो असा: बाहेरच्या गावांतून नळ टाकून व्हित्तेलच्या रहिवाशांना पाणी आणायचं. खर्चाचा वाटा कंपनीही उचलणार होती. थोडक्यात गावानं दुरून आणलेलं पाणी प्यायचं आणि गावाखालचं पाणी बाटलीतून सीमेपार जायचं. लोक रस्त्यावर आले, जर्मन वृत्तवाहिन्यांनी बातम्या केल्या, आणि पुढच्या वर्षी ती योजना गुंडाळली गेली. मग ज्याला त्याला आपला उपसा कमी करा असं सांगण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

२०२२ मध्ये व्हित्तेलची बाटली जर्मनीतल्या दुकानांतून गेली. पुढच्या वर्षी अवर्षणाचं कारण देऊन नेस्लेनं एपारच्या दोन विंधन विहिरी थांबवल्या.